शहागंजातलं चाचांचं टेप-रेडिओचं दुकान: काकांच्या इराणच्या नऊ कॅसेटी आणि माझे साडेचार स्टार

घरात कुणाच्या आवाजाच्या जुन्या कॅसेटी पडून असतील तर हे शेवटपर्यंत वाचा. लांब झालंय, पण थोडक्यात लिहायला बसले तर मला जे सांगायचंय तेच राहून जाईल.

संभाजीनगरला शहागंजात घड्याळाच्या टॉवरपासून आत गेलं की एका बोळीत जिन्याखाली हे दुकान आहे. बोर्डावर दुकानाचं नाव असं काही नाहीच, "रेडिओ टेप टीव्ही रिपेअर" एवढंच, तेही अर्धं पुसलेलं. सगळे मालकांना चाचा म्हणतात म्हणून मीही चाचाच लिहिते. वय सत्तरच्या पुढं. जुन्या कॅसेटी ते पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. माझ्या नऊ कॅसेटी होत्या, एकीचे अडीचशे रुपये, आणि वेळ लागला तीन आठवडे.

आता कॅसेटी कसल्या ते सांगते, नाहीतर मी एवढी हळवी का झाले ते कळणार नाही.

माझे मोठे काका डॉक्टर. १९७६ ला इराणला गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झालेले, पैसा नुसता वाहत होता, सरकारनं गावोगावी दवाखाने काढले पण तिकडचे डॉक्टर खेड्यात जायला तयार नसायचे म्हणून भारतातून डॉक्टर नेत होते. काकांना अहवाझपासून दोन तासांवरचं गाव मिळालं. खुझेस्तान प्रांत, तेलाच्या विहिरींचा भाग, आणि ऊन आपल्या परभणीला मागं टाकेल असं. इकडं सेलूला घरी फोन नव्हता, पत्र कधी यायचं कधी नाही, आणि आज्जीला वाचता येत नव्हतं. म्हणून पहिल्याच सुट्टीत काकांनी नॅशनलचा टेपरेकॉर्डर आणून घरी ठेवला आणि तेव्हापासून पत्राऐवजी कॅसेट यायला लागली, कुणीतरी सुट्टीवर येणाऱ्या डॉक्टरच्या हाती. ओसरीवर सगळी गल्ली बसून ऐकायची. मग आजोबा दुसऱ्या कॅसेटवर उत्तर बोलायचे आणि ती तशीच कुणाच्या तरी हाती परत जायची. काकांच्या सात आणि आजोबांच्या दोन अशा नऊ उरल्या. मी तेव्हा जन्मले पण नव्हते. काका २०११ ला गेले. आता त्यांचा आवाज म्हणून एवढंच आहे.

दोन वर्षांपूर्वी यातली एक कॅसेट मी पुण्यातल्या एका स्टुडिओत दिली होती, नाव लिहीत नाही. त्यांनी मशीनमध्ये टाकून आधी जोरात पुढं पळवली, टेप आत गुंडाळली गेली आणि पाचेक मिनिटांचा तुकडा कायमचा गेला. जे दिलं त्यातही मधल्या सगळ्या शांत जागा कापून टाकलेल्या. विचारलं तर म्हणे मॅडम तिथं काहीच नव्हतं. काका बोलता बोलता थांबतात, पाणी पितात, बाहेर कोंबडा ओरडतो, ते त्यांच्या लेखी काहीच नव्हतं. त्यानंतर बाकीच्या कॅसेटी मी कुणाच्या हाताला लागू दिल्या नाहीत. चाचांकडं पण पहिल्यांदा फक्त बघायला गेले होते, देणार नव्हते.

पण त्यांचं काम बघितलं आणि दिल्या. पहिली कॅसेट हातात घेतली, उजेडात धरली, खिडकीतून आतल्या टेपच्या कडेला पांढरी पूड दिसायली होती ती बघितली आणि म्हणाले बुरशी आहे, ही आत्ता मशीनला लावायची नाही. पाच बारीक स्क्रू काढून डबी उघडली. आत टेपच्या मागं तांब्याच्या पट्टीवर बनातीचा एक इवलासा तुकडा चिकटवलेला असतो, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा, तो टेपला हेडवर, म्हणजे मशीनच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. पन्नास वर्षांत त्याचा गोंद सुकतो, तुकडा पडतो आणि मग आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. लोकांना वाटतं कॅसेट मेली. चाचांनी दुसऱ्या एका डबीतून तसाच तुकडा काढून काकांच्या कॅसेटला बसवला, चिमट्यानं, श्वास धरून. मग हेडच्या बाजूचा एक स्क्रू केसभर केसभर फिरवत बसले. प्रत्येक टेपरेकॉर्डरचं हेड थोडं तिरकं असतं म्हणे आणि ज्या मशीनवर आवाज भरला तिच्या तिरकेपणाला आपलं मशीन जुळवावं लागतं. कसं कळतं विचारलं तर म्हणाले "स" आणि "श" ऐकायचे. आणि खरंच, काका "सगळे सुखरूप आहेत ना" म्हणत होते, पहिल्यांदा ते "हगळे हुखरूप" असं यायलं होतं आणि एका क्षणी एकदम स्वच्छ झालं. मी तिथंच स्टुलावर बसून रडले. चाचांनी काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढं केला.

त्यांचा एक नियम आहे आणि तो लक्षात ठेवा, पुढं त्याचंच सांगायचंय. टेप सुरू केली की दोन्ही बाजू शेवटपर्यंत चालू द्यायच्या, मधे कितीही शांतता येऊ दे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं. "जल्दी नक्को करो बेटा, टेप को पूरी बोलने दो." तीन आठवडे का लागले ते यावरून कळेल.

आता आत काय निघालं ते.

पहिल्या दोन कॅसेटीत काकांनी राजकारणाचा शब्द काढलेला नाही, सगळं शब्दांचंच कौतुक. बाजार, दरवाजा, शहर, जमीन, हजार हे सगळं इथं पण तेच आहे म्हणतात, पण दवाखाना विचारला की माणूस औषधाच्या दुकानाकडं बोट करतो, हॉस्पिटलला हे लोक बीमारिस्तान म्हणतात. आजोबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं त्यांना ह्याचं भारी वाटायचं. उत्तरात त्यांनी मुलालाच फारसीचे शब्द शिकवलेत. मग एक गंमतीशीर वाटणारी पण नंतर विचार केला तर डोकं सुन्न करणारी गोष्ट येते. काका सांगतात की इथं कॅलेंडरच बदललंय. साल १३५५ यायचं होतं तर शहांनी, म्हणजे तिथल्या राजानं, फर्मान काढलं की आता सन पैगंबरांच्या हिजरतीपासून नाही, इराणच्या प्राचीन सायरस राजापासून मोजायचा, आणि एका नवरोजला, म्हणजे तिकडच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, साल झालं २५३५. पेशंटला जन्मसाल विचारलं की म्हातारी माणसं गोंधळतात, केसपेपरवर काय लिहावं तेच कळत नाही. हे १९७६ चं. तेल आहे, फौज आहे, अमेरिका पाठीशी आहे म्हणून राजाला वाटलं की लोकांच्या दिवसांची मोजणी पण आपल्याला बदलता येते.

राजा म्हणजे मोहम्मद रझा शहा पहलवी. १९४१ ला इंग्रज आणि रशियानं बापाला उतरवलं तेव्हा गादीवर आले. १९५१ ला पंतप्रधान मोसादेघनी तेल कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं, १९५३ ला अमेरिका आणि इंग्लंडच्या गुप्तहेरांनी मिळून त्यांना पाडलं आणि शहांची पकड घट्ट केली. १९६३ ला शहांनी जमीनसुधारणा आणल्या, बायकांना मताचा हक्क दिला, ह्या गोष्टी वाईट नव्हत्या असं काका सुद्धा म्हणतात. त्याच वर्षी खोमेनी हे धर्मगुरू विरोधात उभे राहिले, अटक झाली, आणि १९६४ ला त्यांना देशाबाहेर काढलं, आधी तुर्कस्तान मग इराकमधलं नजफ. १९७५ ला शहांनी सगळे पक्ष बंद करून एकच पक्ष ठेवला, रस्ताखीझ. माझ्या मते घोडचूक हीच. पक्ष बंद, वर्तमानपत्रं मुठीत, सावाक ह्या गुप्त पोलिसांचे हेर गल्लोगल्ली, मग माणसानं चार लोकांत बोलायला जावं तरी कुठं, मशिदीशिवाय जागाच ठेवली नाही ना.

काका कॅसेटीत "शहा" हा शब्दच उच्चारत नाहीत. "मोठे मालक" म्हणतात. आणि म्हणताना आवाज बारीक करतात, दर वेळी, इतका की चाचांना तिथं व्हॉल्यूम वाढवावा लागला. आजोबांना समजावून सांगायची गरज पडली नसणार. निजामाच्या राज्यात सेलूला त्यांनी पण तसंच बारीक आवाजात बोलून दिवस काढलेले.

काकांची चौथी कॅसेट १९७८ च्या उन्हाळ्यातली. जानेवारीत इत्तेलाआत ह्या पेपरात खोमेनींची बदनामी करणारा लेख आला, ९ जानेवारीला कूम शहरात मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसं गेली. इथून पुढचं काका ज्या पद्धतीनं सांगतात ते मला पुस्तकात कुठं इतकं स्वच्छ सापडलं नव्हतं. आजोबांना अण्णा म्हणायचे ते. म्हणतात, अण्णा, आपल्यात जसं तेराव्याला लोक जमतात तसं ह्यांच्यात चाळिसाव्याला जमतात, तर कूमच्या माणसांच्या चाळिसाव्याला तबरीझला लोक जमले, तिथं गोळीबार, त्यांच्या चाळिसाव्याला यझ्दला, तिथं परत गोळीबार, आता हे थांबणार कसं, दर चाळीस दिवसांनी नवीन मयत आणि त्या मयतीचा नवीन चाळिसावा. तबरीझ १८ फेब्रुवारी, यझ्द २९-३० मार्च, मोजून बघा. ही बाजू उतरवताना मी दुकानातच होते. चाचा हातातलं काम ठेवून ऐकत होते, म्हणाले चाळीसवां तो हमारे यहाँ भी होता है, उस दिन किसी को घर में कैसे रोकेंगे.

ह्याच्यानंतर आजोबांची कॅसेट आहे, ऑगस्ट १९७८ ची. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि इकडं गावंच्या गावं पेटली. दलित वस्त्या जाळल्या, माणसं मारली, पूल उडवले. आजोबा ते मुलाला सांगायलेत. एका ठिकाणी म्हणतात "आपल्या पंचक्रोशीत पण झालं बाबा" आणि मग गप्प होतात. किती वेळ गप्प ते मी मोजलं, एकेचाळीस सेकंद. मागं आज्जीच्या बांगड्या वाजतात, बैलाच्या गळ्यातली घंटा वाजते. पुण्याच्या त्या स्टुडिओत ही कॅसेट गेली असती तर हे एकेचाळीस सेकंद कापून टाकले असते. मुलगा तिकडं जळणाऱ्या देशात बसून घरच्यांची काळजी मिटवायचा प्रयत्न करतोय आणि बाप इकडं तेच करतोय, आणि दोघांनाही एकमेकांचं कळत होतं असं मला ऐकताना वाटत राहिलं.

त्याच कॅसेटीत आजोबा विचारतात की आपल्याकडं निजाम गेला तो दिल्लीची फौज आली म्हणून, सप्टेंबर ४८ ला पाच दिवसांत सगळं आटपलं, तुझ्या मोठ्या मालकावर फौज कुणाची येणार? आणि पुढं म्हणतात की रझाकार पण सुरुवातीला राखण करायलाच आलोय म्हणत होते, लातूरचा वकील तो कासीम रझवी, त्याची भाषणं ऐकून चांगली शिकलेली पोरं काठ्या घेऊन निघाली, तेव्हा धर्माच्या नावानं जो कोण उभा राहील त्याच्यापासून चार हात लांब राहा. काकांचं उत्तर पुढच्या कॅसेटीत आहे आणि ते अर्धंच आहे. म्हणतात, "फौज नाही अण्णा, दुकानं बंद व्हायलीत. बाजार बंद आहे. तेलवाले पण बंद करतो म्हणतात." काठीबद्दल काही बोलत नाहीत.

ही पाचवी कॅसेट सप्टेंबरच्या शेवटाची. १९ ऑगस्टला आबादानला, म्हणजे काकांच्याच प्रांतात, रेक्स सिनेमाला आग लागली, दारं बंद होती, चारशेच्या आसपास माणसं आत जळाली. काका म्हणतात इथं प्रत्येकजण म्हणतोय सावाकनंच लावली, कंपाउंडर म्हणतो, बेकरीवाला म्हणतो, मला पण तसंच वाटतं. नंतर क्रांतीनंतरच्या खटल्यात बोट उलटं राजाच्या धार्मिक विरोधकांकडं वळलं, पण सप्टेंबर ७८ ला हे ऐकून कुणी घेतलं नसतं. ८ सप्टेंबरला तेहरानला झालेह नावाच्या चौकात गोळीबार झाला, काका आकडा सांगतात तीन हजार. नंतरच्या मोजणीत तो शंभराच्या आत निघाला. मी हे वाचलेलं होतं, तरी काकांच्या तोंडून "तीन हजार" ऐकलं तेव्हा मला कळलं की त्या दिवसात राज्य कशावर चाललं होतं आणि कशामुळं पडत होतं. खरा आकडा सांगितला तरी राजावर विश्वास ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. आणि शेवटी सांगतात, कॅलेंडर परत बदललं बरं का, आता पुन्हा १३५७. दोन वर्षांत राजाला सन माघारी घ्यावा लागला. केसपेपरचा गोंधळ आता दुप्पट झालाय म्हणतात.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. ह्या क्रांतीवर जे काही वाचलं त्या प्रत्येक ठिकाणी लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, त्यामुळं पहिल्या पानापासून शहा जाणारच असतात आणि खोमेनी येणारच असतात. काकांना माहीत नाही. नोव्हेंबरला शहा टीव्हीवर येऊन म्हणाले की तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला, तर काका सांगतात की आता निवळेल, जानेवारीत सुट्टी मिळेल, आईला सांगा. जे होणार ते त्यांना दिसत नाहीये आणि आपल्याला दिसतंय, घशात काहीतरी अडकतं ऐकताना. ह्यासाठी मी चाचांना अडीचशे काय हजार रुपये कॅसेट दिले असते.

आता सहावी कॅसेट. डिसेंबर १९७८. हिच्याचसाठी खरं तर लिहायला बसले.

तेल कामगारांचा संप ऑक्टोबरपासून, रोजचं साठ लाख बॅरलच्या जवळपासचं उत्पादन पंधरा लाखांवर आलेलं, वीजवाल्यांचा पण संप, रात्री दिवे जायचे. काका सेलवर रेकॉर्ड करत होते आणि सेल उतरत गेले, त्यामुळं शेवटाकडं त्यांचा आवाज चिरका, लहान पोरासारखा होत जातो. घरी सगळ्यांना ते "टेप खराब झाली" असंच वाटायचं. चाचांनी ऐकताच ओळखलं की मशीन हळू फिरत होतं, आणि मोटरचा वेग जुळवत जुळवत काकांचा खरा आवाज परत आणला. पंचेचाळीस वर्षांनी.

त्यात काका म्हणतात थांबा, तुम्हाला ऐकवतो, आणि मशीन घेऊन गच्चीवर जातात. पायऱ्या चढल्याचा आवाज. मग काही नाही, वारा. मग लांबून एक माणूस, अल्लाहु अकबर. मग दुसरीकडून एक बाई. मग पोरं. मग इतके आवाज की वेगळे करता येत नाहीत. मोर्चाला बंदी, रात्री बाहेर पडलं तर गोळी, म्हणून लोक आपापल्या गच्चीवरून ओरडायचे, दिसत कुणालाच कुणी नसायचं. काका अगदी हळू म्हणतात "रोज असतं". मोहरमचे दिवस होते. १० आणि ११ डिसेंबरला, तासुआ आणि आशुराला म्हणजे मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवशी, देशभर लाखो माणसं रस्त्यावर उतरली. सेलूला मोहरमच्या सवारीपुढं आमचे आजोबा पण नारळ ठेवायचे, त्यामुळं काका सांगतात की अण्णा मोहरम म्हणून समजू नका, हे वेगळं आहे, इथं मातम करणाऱ्यांच्या हातात मोठ्या मालकाच्या विरोधातले फलक आहेत.

ही कॅसेट कोरी नव्हती. बाजार बंद, कोरी कॅसेट मिळेना, म्हणून काकांनी एका पेशंटनं भेट दिलेली गाण्याची कॅसेट वापरली. वर लेबल गूगूशचं, तेव्हा तिकडं तिच्याएवढी लोकप्रिय गायिका कुणी नव्हती. काकांचं पत्र दुसऱ्या बाजूला दहा मिनिटं चालतं, "बाकी सगळं ठीक" म्हणून संपतं, खट्ट आवाज येतो. आमच्या घरी इथं नेहमी टेप बंद करायचे. संपलं म्हणून. बाबांना विचारलं, त्यांनाही पुढचं कधी ऐकल्याचं आठवत नाही.

चाचांनी बंद केली नाही. त्यांचा नियम. आणि खट्ट नंतर गाणं आलंच नाही. एक म्हातारा माणूस बोलायला लागला, सपाट आवाज, ना चढ ना उतार, कसलाच आवेश नाही, आणि मागं कॉपीवरून कॉपी काढल्यावर येते तशी खरखर. चाचा म्हणाले ये गाना तो नहीं है बेटा. त्यांच्या ओळखीचे फारसी शिकवून रिटायर झालेले एक सर आहेत, त्यांना दुकानात बोलावून ऐकवलं. त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले हे खोमेनी आहेत, सैनिकांना सांगतायत की बराकी सोडा, आपल्या लोकांवर गोळ्या झाडू नका.

ऑक्टोबर ७८ ला इराकनं बाहेर काढल्यावर खोमेनी पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो ह्या खेड्यात जाऊन राहिले. तिथं बोललेलं फोनवरून तेहरानला जायचं, टेप व्हायचं, आणि मग एकाची दोन, दोनाची चार अशा कॅसेटी निघून गावोगावच्या मशिदीत, टॅक्सीत, घरात पोचायच्या. रेडिओ राजाचा, टीव्ही राजाचा, फौज चार लाखांची राजाची, आणि ह्या माणसाकडं नुसती कॅसेट. त्यातली एक आमच्या सेलूच्या घरात गहू-ज्वारीच्या कोठीवर पत्र्याच्या डब्यात पंचेचाळीस वर्षं पडून होती. गाण्याचं लेबल लावून. त्या पेशंटनं मुद्दाम दिली होती का चुकून, काकांनी ऐकली होती का न ऐकताच वर आपलं पत्र भरलं, आता विचारायला कुणी नाही.

शेवटची कॅसेट एप्रिल १९७९ ची. १६ जानेवारीला शहा विमानात बसून गेले, पेपरात पानभर दोनच शब्द, "शाह रफ्त", म्हणजे शहा गेले. १ फेब्रुवारीला खोमेनी आले. ११ फेब्रुवारीला लष्करानं आपण तटस्थ आहोत म्हणून सांगितलं आणि संपलं. काका आता पहिल्यांदा "शहा" म्हणतात, मोकळ्या आवाजात, आणि हसतात. कॅसेटच्या डबीत एक वीस रियालची नोट घडी करून ठेवलेली निघाली, राजाचा चेहरा कात्रीनं गोल कापून काढलेला, बाकी नोट शाबूत. पण त्याच कॅसेटीत पुढं ते एका नर्सबद्दल सांगतात. कधी डोक्यावर पदर न घेणारी, डिसेंबरात मुद्दाम काळी चादर, म्हणजे तिकडचा बुरखा, घालून मोर्चाला गेली राजाला दाखवायला, आणि ८ मार्चला तेहरानला हजारो बायका सक्तीच्या हिजाबविरोधात रस्त्यावर आल्या तेव्हा ही दवाखान्यात रडत होती की मी ह्यासाठी गेले नव्हते. मार्चच्या शेवटी मतदान झालं, इस्लामी प्रजासत्ताक हवं का, हो किंवा नाही, हिरवा कागद की लाल, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर हो. काका म्हणतात "अण्णा, तुम्ही काठीचं म्हणाला होतात ना," आणि परत आवाज बारीक करतात. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे. शहागंजात गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं जा. फोन लावला तर दुपारी उचलत नाहीत. पावती वहीच्या पानावर. फायलींना नावं देत नाहीत, एक दोन तीन असे आकडे टाकून देतात, मला घरी बसून सगळं परत लावायला दोन रात्री गेल्या. खरखर काढून मागितली तर काढत नाहीत, म्हणतात तिच्यासोबत श्वासही जातो. सुरुवातीला मला हे पटलं नव्हतं. गच्चीवरचा तो भाग मी मोबाइलमध्ये खरखर काढून ऐकला तर वारा गेला आणि सगळ्यात लांबचे आवाजही गेले, तेव्हा पटलं. अर्धा स्टार फक्त फायलींच्या नावांसाठी कमी केलाय.

बाबांना पेन ड्राइव्ह लावून दिला. ते सहाव्या कॅसेटीपाशी थांबले, खट्ट झालं तसा सवयीनं हात बटणाकडं गेला, मी धरला. पूर्ण ऐकलं त्यांनी, एक शब्द कळत नसताना. मग म्हणाले आता दादाचं लाव परत.

दुकान अकराला उघडतं, शुक्रवारी दुपारी नमाजाला बंद असतं. पेन ड्राइव्ह आपला न्या, मोठा न्या. आणि जायच्या आधी घरी पुढं-मागं फिरवून बघत बसू नका, कॅसेट जिथं थांबलीय तशीच चाचांच्या हातात द्या.